सलगी आणि अहिंसा

प्राण्यावर प्रेम असले म्हणजे त्याच्या निकट जाण्याचा अधिकार प्राप्त होतो काय?

अमेरिकेतील अलास्का प्रांतात कॅटमाई राष्ट्रीय उद्यान आहे. टिमोथी ट्रेडवेल हा गृहस्थ तेथे १३ उन्हाळे अस्वलांच्या सहवासात राहिला. तो त्यांना नावे देई, स्पर्शही करी. ऑक्टोबर २००३ मध्ये अस्वलाने त्याला व त्याच्या सहचारिणीला ठार केले. त्यांचा शोध घेण्यास गेलेल्या रक्षकांनी दोन अस्वलांना गोळ्या घातल्या.

येथे अशी शंका उद्भवते की, तो तर स्वतःस अस्वलांचा रक्षक समजत होता. मग दोष कोणता? समाधान असे : हेतू शुद्ध असला तरी विवेक सुटला होता. हिवाळी निद्रेपूर्वी अस्वल भक्ष्यासाठी आतुर असते. ही त्याची प्रकृती होय, क्रौर्य नव्हे. सलगीने माणसाचे भय मोडलेले श्वापद पुढे माणसाच्याच हातून मरते. म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे, त्याच्याच मृत्यूस ते प्रेम कारण झाले.

श्रीचक्रधरस्वामींनी शरण आलेल्या सशास अभय दिले. ससा आपण होऊन आला होता. संकट टळताच स्वामींनी त्यास जाऊ दिले. दयेला आसक्ती चिकटली नाही. वन्य जीवापासून अंतर राखणे ही उपेक्षा नव्हे. ती अहिंसाच होय.