वाटसरू आणि त्याचा सोबती

शास्त्रपाठ : उत्पत्ति १२:१-९, योना १:१-३, लूक २४:१३-३५



भिवंडीहून कल्याणास जाणाऱ्या सडकेवर टेमघर लागते. तेथे घटकाभर उभे राहिले, म्हणजे मनुष्याच्या पायांस स्वस्थता म्हणून नाही, हे सहज ध्यानात येते. कोणी पोटासाठी मागाच्या कामावर चालला आहे, कोणी सोयऱ्यांकडे, तर कोणी केवळ नवा मुलूख पाहण्याच्या हौसेने निघाला आहे. ही प्रवासाची ओढ पाप आहे काय? मुळीच नाही. ज्या देवाने पाखरांस पंख दिले, त्यानेच मनुष्याच्या मनात डोंगरापलीकडे पाहण्याची इच्छा घातली. मात्र आपण कोणाच्या सांगण्यावरून निघालो, हे प्रत्येक प्रवाशाने स्वतःस विचारले पाहिजे.

पवित्र शास्त्रातील दोन प्रवासी पाहा. अब्राहामास आपण कोठे जातो हे ठाऊक नव्हते; पण कोणी बोलाविले हे ठाऊक होते. योनाने यापोच्या बंदरात तार्शीशचे भाडे रोख मोजले, मुक्काम ठरविला, आणि तरीही तो देवासमोरून पळतच होता. आपला मुलगा शहरास निघतो, तेव्हा पगार किती, खोली कोठे, हे आपण विचारतो. प्रार्थना करून निघालास काय, हे विचारावयाचे राहून जाते.

आपल्याच महाराष्ट्रातील गोष्ट घ्या. सन १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. अम्माऊसच्या वाटेवर जो प्रभू अनोळखी होऊन शिष्यांबरोबर चालला, तो आगगाडीच्या डब्यातही भेटतो.

परंतु प्रवासाचे मोल घरी राहिलेल्यांसही द्यावे लागते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दुरावलेल्या होत्या. सन १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पण मधल्या काळातील अश्रू खरेच होते. म्हणून दूरदेशी गेलेल्यांनो, घरी खुशाली कळवा. आणि मंडळीने मागे राहिलेल्या पत्नीची व आईबापांची विचारपूस करावी.

आणखी एक प्रवास आपण विसरू नये. सन २०२० मध्ये साथीमुळे भिवंडीचे माग थांबले, तेव्हा कित्येक कामगार डोक्यावर बोचके व कडेवर लेकरू घेऊन उन्हातान्हात नाशिकच्या रस्त्याने पायी आपल्या गावांकडे निघाले. त्या वेळी ज्याने त्यांस तांब्याभर पाणी दिले, त्याने ते कोणास दिले, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात वाचा. आजही आपल्या शेजारच्या खोलीत परमुलखाचा कोणी राहत असेल. अम्माऊसच्या शिष्यांनी वाटसरूस आग्रहाने घरात घेतले, म्हणून भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. त्यांनी दार लावून घेतले असते, तर प्रभू पुढे निघून गेला असता.

हे स्वर्गीय पित्या, आमच्यातील जे वाटेवर आहेत त्यांच्याबरोबर चाल, जे वाट पाहत आहेत त्यांस धीर दे, आणि जो परका आमच्या दाराशी येईल त्यास आत बोलाविण्याची बुद्धी आम्हांस दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.