घराची व्यवस्था

पाठ : लूक १२:१३–२१, गणना २७:१–११

जुन्नराच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. पूर्वी वाटसरू व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकीत, असे लोक सांगतात. आपणां सर्वांस आणखी एक घाट उतरावयाचा आहे, तो मृत्यूचा. त्या घाटावरही सरकारने १९५३ साली कायदा करून मृताच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी नावाचा कर बसविला होता. तो १९८५ साली रद्द झाला. तथापि पुष्कळ घरांत आजही दुसरी जकात भरली जाते, ती भाऊबंदकीची. तिच्यापायी शेत जाते, आणि घरातील प्रार्थनाही बंद पडते.

समुदायातील एकाने प्रभूस विनविले की, माझ्या भावास वतनाची वाटणी करावयास सांगा. प्रभूने वाटणी करणारा होण्याचे नाकारिले आणि लोभापासून जपावयास सांगितले. जे ओझे प्रभूने घेतले नाही, ते बापाने आपल्या मागे लेकरांच्या माथी का ठेवावे?

मृत्युपत्र लिहिणे म्हणजे मरणास बोलावणे, असे कित्येकांस वाटते. हा भ्रम होय. हिज्कीया राजास घराची व्यवस्था लावण्याची आज्ञा झाली, आणि त्यानंतर तो पंधरा वर्षे जगला! शुद्धीवर असता मृत्युपत्र लिहावे, दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, व त्यांच्याही सह्या घ्याव्या. ज्यास काही द्यावयाचे, त्यास किंवा त्याच्या पत्नीस साक्षीदार करू नये. केल्यास ते देणे व्यर्थ जाते. लग्न झाल्यास आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हेही ध्यानात ठेवावे. आणि वाटणीपूर्वी ऋण फेडिले जावे; दुसऱ्याचे पैसे आपले वतन नव्हे.

मृत्युपत्र नसल्यास १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्याच्या विधवेस एकतृतीयांश मिळते, व उरलेले मुलगे आणि मुली यांस सारखे मिळते. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे आपला हक्क मागितला, तेव्हा परमेश्वराने त्यांचे म्हणणे यथार्थ ठरविले. मग जुन्नरास वा घोडेगावास वारसनोंदीच्या वेळी सासरी गेलेल्या बहिणीचे नाव लपविणारा भाऊ कोणत्या तोंडाने प्रभुभोजनास येतो?

बंधूंनो, सातबाऱ्यावरील आपले नाव एके दिवशी कमी होणारच. आपल्या मागे लेकरे एका ताटात जेवतील अशी व्यवस्था आजच करू या. ज्याने आपणांस अविनाशी वतनाचे वारस केले, तो प्रभु आपणांस तशी सद्बुद्धि देवो. आमेन.