आधी ऐकून घेऊ

झिंबाब्वेची राजधानी हरारे. तिथल्या म्बारे वस्तीत दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आहेत. बाकावर आजी बसते. तिच्याशेजारी येऊन बसतात नोकरी गेलेली, घरात मार खाणारी, काम शोधून थकलेली माणसं. आजी डॉक्टर नाही, वस्तीतलीच आहे, थोडं प्रशिक्षण घेतलेली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून इस्पितळात येऊ शकली नाही आणि तिनं जीव दिला. ते दुःख चिबांडांना स्वस्थ बसू देईना. २००६ साली १४ आज्यांना सोबत घेऊन त्यांनी हे काम सुरू केलं.

आजी आधी नुसतं ऐकते. मग विचारते, "यातली कोणती अडचण आधी हाती घ्यायची?" निवड समोरच्यानं करायची. त्या एका अडचणीवर आठवडाभरात जमेल एवढंच काहीतरी दोघं मिळून ठरवतात. पुढच्या भेटीत त्याची चौकशी होते. प्रकृती गंभीर वाटली तर आजी त्या माणसाला वरच्या तज्ज्ञांकडे पाठवते. याची शास्त्रीय पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बाकावर बसून गेलेल्यांची उदासी सहा महिन्यांनी पुष्कळ कमी झालेली आढळली. गोव्यातही डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या, प्रशिक्षित माणसांकडून असाच आधार देता येतो हे दाखवलंय.

हे आपल्या घरापासून लांबचं नाही. कुणाचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. परीक्षा पुढे जाते, वय वाढत राहतं. कुणाची मुलगी पदवी घेऊन अर्जांवर अर्ज भरतेय. जगभरात १५ ते २९ या वयात होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपण फोन केला की पहिलं काय विचारतो? "जागा निघाल्या का? निकाल कधी?" पोटात काळजी असते म्हणूनच विचारतो. पण याचं उत्तर त्या पोराच्या हातात नसतं. मग "बघू", "ठेवतो, क्लास आहे" आणि दोन मिनिटांत फोन बंद. मनातलं मनातच राहतं.

आज फोन कराल तेव्हा निकालाचा विषय त्याला काढू द्या. मेसला भाजी काय होती, झोप लागतेय का, एवढं विचारा आणि थांबा. तो गप्प राहिला तरी घाईनं सल्ला देऊ नका. "जगण्यात अर्थ नाही" असं काही बोलला, तर मात्र त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. एरवी सगळं ऐकून झाल्यावर विचारा, "यातलं मी काय करू, म्हणजे तुला बरं पडेल?" तो कदाचित म्हणेल, "अभ्यासिकेचे या महिन्याचे पैसे भरा." किंवा, "मामाला सांगा, लग्नाचा विषय काढू नको म्हणावं." मामाला आजच फोन लावा.