मूळव्याध म्हणण्याआधी

चि. मुक्ता,


दवाखान्याची जागा बार्शीत नक्की झाली हे वाचून फार आनंद झाला. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. म्हणून हे पत्र कर्करोगाविषयीच लिहितोय, तेही मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या. हा आजार आता तिशी-चाळिशीतल्यांना गाठू लागलाय, आणि त्यांच्यातलं कोण वाचणार याचा बराचसा निकाल कर्करोगतज्ज्ञाकडे पोचण्याआधीच, तुझ्यासारख्या पहिल्या डॉक्टरच्या खोलीत लागतो.

अमेरिकेत पन्नाशीच्या आतल्या पुरुषांच्या कर्करोगमृत्यूंमध्ये हा आजार नव्वदच्या दशकाच्या शेवटी चौथा होता. २०२४च्या अहवालात तो पहिल्या क्रमांकावर आला. या रोगाच्या नियमित तपासणीचं वय तिथे २०२१मध्ये ५०वरून ४५वर आणलं गेलं. पण तिथेही सगळ्या तरुणांच्या वाट्याला सारखं आयुष्य येत नाही. कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांपेक्षा कमी जगतात, आणि १८ ते ६४ वयाच्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात या तफावतीचा जवळजवळ निम्मा भाग आरोग्यविमा असण्या-नसण्याचा निघाला. वंशात दोष शोधणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. गाठ आतड्यापुरती असताना सापडली, तर तिथे पाच वर्षांनंतर दहांतले नऊजण हयात असतात. यकृतात, फुप्फुसात पोचल्यावर सापडली, तर सातांतला एक.

आपल्याकडे या रोगाचं एकूण प्रमाण कमी आहे. तरी मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७च्या आसपास निघालं. आपली लोकसंख्याच तरुण, त्यामुळे काही अंशी ते होणारच. पण समोर बसलेल्या पस्तिशीच्या माणसाला त्याचा काय उपयोग? याच पाहणीत मलाशयाच्या गाठी सर्वांत जास्त होत्या, आणि सिग्नेट रिंग पेशींचा आक्रमक प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच अधिक. पेशींचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही. मलाशयाचा खालचा भाग मात्र बोटाच्या टप्प्यात आहे.

तुझ्याकडे येणारा माणूस ‘संडासवाटे रक्त पडतंय’ असं सहजी म्हणणार नाही. ‘उष्णता झालीय’, ‘आव पडते’, ‘पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही’ असं म्हणेल. बाई तर तेही सांगणार नाही, नुसता थकवा सांगेल. हिमोग्लोबिन आठ आलं की पाळीवर खापर फोडून लोहाच्या गोळ्या दिल्या जातील. पुरुषाला लोहाची कमतरता असेल, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय थांबू नकोस. बाईच्या बाबतीतही पाळीचा हिशेब जुळत नसेल तर थांबू नकोस. रोगी स्वतःच ‘मूळव्याध आहे’ असं ठरवून येतो, आधी कुठली तरी पुडी घेऊन झालेली असते, आणि आपल्यालाही ते मान्य करणं सोपं जातं. वय कमी म्हणून तर जास्तच सोपं.

तेव्हा रक्त म्हणताच पी.आर., म्हणजे गुदद्वारातून बोटाने तपासणी, कर. हातमोजा आणि थोडी जेली, एवढाच खर्च. मूळव्याध दिसली तरी बोट आत घाल. मूळव्याध असलेल्या माणसाला गाठ होत नाही असं कुठे आहे? परिचारिकेला शेजारी उभं कर, पडदा ओढ, काय करणार ते आधी सांग. संकोच रुग्णाला असतो तसा तरुण डॉक्टरलाही असतो, आणि त्या संकोचात महिने जातात. बोटाला काही लागलं नाही, तरी रक्त थांबत नसेल तर दुर्बिणीच्या तपासणीला पाठव.

निदान झाल्यावर तुझं काम संपलं असं समजू नकोस. पोटावर पिशवी लागणार हे ऐकून तरुण माणसं शस्त्रक्रिया सोडून पळतात आणि जडीबुटीवाल्याकडे जातात. लग्न व्हायचं असतं, शेतात वाकायचं असतं, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. पिशवी अनेकदा काही महिन्यांपुरतीच असते. कायमची असली तरी ती लावून काम करणारी, संसार करणारी माणसं आहेत; त्यांतल्या कुणाची तरी गाठ घालून दे, त्याचा उपयोग आपल्या बोलण्यापेक्षा जास्त होतो. मूल हवं असणाऱ्यांना किरणोपचाराचे शेक आणि केमो सुरू होण्याआधी बीज जपून ठेवण्याबद्दल विचारायला सांग. मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत हे राहून जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं जुळवायलाही मदत कर. पैशापायी अर्ध्यावर सोडलेली केमो म्हणजे वर सांगितलेली विम्याचीच तफावत, आपल्या तालुक्यातली.

आणि घरातल्यांना विसरू नकोस. रुग्ण तरुण असेल तर गाठीची एम.एम.आर. तपासणी, म्हणजे आनुवंशिक दोषाचा सुगावा देणारी तपासणी, झाली का, ते विचार. लिंच सिंड्रोम हा घराण्यात चालणारा दोष निघाला, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांच्यात हा रोग वेळीच टाळता येतो.

दुर्बिणीसाठी पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन एका वेगळ्या वहीत लिहून ठेव. पंधरा दिवसांत रिपोर्ट घेऊन आला नाही, तर स्वतः फोन कर. फोन लागला नाही, तर आशाताईंकरवी निरोप धाड. पहिल्या महिन्याची वही भरली की मला कळव.

तुझा,
नानाकाका