नवख्याकडून काय घ्यायचं?

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय निघालं, त्यामागचा हिशेब सरळ होता. शेतकऱ्याचं पोट्टं शिकायला शहरात आलं की त्याला खोली मिळणं मुश्कील, कारण खोली देणारा आधी आडनाव विचारी. ते काढणाऱ्या, पापळसारख्या खेड्यातून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांना ही अडचण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निरनिराळ्या जातींची मुलं एका छताखाली राहावीत, म्हणजे त्या प्रश्नाचा जोरच कमी होईल, असा तो बेत होता. आज वऱ्हाडातल्या एखाद्या कॉलेजच्या वसतिगृहात रात्री जेवणं आटोपल्यावर नव्या मुलांना रांगेत उभं करून ‘इंट्रो’ घेतला जातो, तेव्हा पहिला प्रश्न असतो पूर्ण नावाचा, दुसरा गावाचा, आणि प्रवेश कुठल्या कोट्यातून झाला हाही फार मागे राहत नाही. नजर आपल्याच सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर, तोंडी प्रत्येक वाक्याला ‘सर’. छात्रालयानं जे पुसायला घेतलं होतं, तेच इंट्रोत ठळक अक्षरांत पुन्हा लिहिलं जातं.

नवख्याला छळण्याची कल्पना काही आपल्या सिनिअरांच्या डोक्यातून निघालेली नाही. चौथ्या शतकात अथेन्सला शिकायला येणाऱ्या मुलांची जुने विद्यार्थी कशी फजिती करत, हे नाझियान्झसच्या ग्रेगरीनं नोंदवलं आहे. आपला मित्र बेसिल त्यातून सुटला, हेही तो आवर्जून सांगतो. कायद्याच्या नव्या विद्यार्थ्यांशी असले खेळ करू नयेत, असा हुकूम सम्राट जस्टिनियननं ५३३ साली काढला. म्हणजे बंदी जवळजवळ पंधराशे वर्षांची जुनी, आणि जी गोष्ट बंद करायची तीही तितकीच चिवट. अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी नावाची विद्यार्थी-मंडळं आहेत. तिथं शपथ घेऊन दाखल व्हायचं आणि कायम सभासद होईपर्यंत जुन्यांची चाकरी करायची, ही रीत इतकी पक्की झाली की अनेक राज्यांना तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले.

पण आपल्या देशात याच्या नेमकं उलट वळणही होतं. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, नव्या भिक्षूला उपाध्याय असतो. नव्यानं त्याची सेवा करायची हे आहेच. शिवाय नवा आजारी पडला तर उपाध्यायानं त्याची सेवा करायची, हेही तितक्याच तपशिलानं सांगितलं आहे. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मागे जी आखाड्याची परंपरा उभी आहे, तिच्यात नवा पोरगा हौदातली माती उकरतो. कष्टच ते. मात्र ती माती जुना पहिलवानही उकरतो आणि त्यातून कमावलेलं अंग ज्याचं त्याच्यापाशी राहतं. रात्री दोन वाजता भिंतीला टेकून ‘खुर्ची’ करून बसलेल्या मुलाच्या अंगी त्यातून काय राहतं?

इथं नेहमीचा आक्षेप येतो की राहते ती मैत्री. ज्यांनी रगडलं तेच पुढं नोट्स देतात, परीक्षेच्या वेळी धावून येतात. शिवाय खेड्यातलं बुजरं पोरगं त्यानं धीट होतं. यातला पहिला भाग खोटा नाही. अॅरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात शिरण्यासाठी काही मुलींना फार अवघडवणाऱ्या परीक्षेतून जावं लागलं, काहींना सौम्य परीक्षेतून, काहींना परीक्षाच नव्हती. मग सगळ्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. तरी जिनं जास्त सोसलं, तिला तो गट जास्त आवडला. म्हणजे जिव्हाळा वाटतो हे खरं, पण गट कसा आहे याचा त्यात पुरावा नसतो; आपण फुकट सोसलं नाही अशी मनाची समजूत घातलेली असते. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्याला रगडतो, त्याचं कारण मला यातच दिसतं. धीटपणाचा मुद्दा मात्र टिकत नाही. ज्या वऱ्हाडी बोलीची नक्कल करून हसतात तीच बोली बोलणारं पोरगं आठवड्याभरात धीट झालेलं दिसतं, तेव्हा बहुधा ते आपली बोली गिळायला शिकलेलं असतं.

महाराष्ट्रानं १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढणं, वर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रारीची सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. व्याख्याही रुंद आहे: एरवी जे करायला विद्यार्थी राजीखुशीनं तयार होणार नाही, ते करायला सांगणं हेही रॅगिंगच. २००९ साली हिमाचलातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मारहाणीत जीव गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. त्यांतलं प्रतिज्ञापत्र सगळ्यांच्या परिचयाचं झालं: विद्यार्थ्यानं एक भरायचं, पालकांनी एक. गंमत अशी की ज्याला दोन दिवसांनी रांगेत उभं करणार, त्याच्याकडूनच पहिल्या दिवशी ‘मी रॅगिंग करणार नाही’ असं लिहून घेतलं जातं. पुढच्या वर्षासाठी त्याचा उपयोग आहे, हे मान्य. तरीही दारात शिरताना काहीतरी द्यायचं ते नवख्यानंच, ही चाल तिथंही सुटलेली नाही.

कायदा भीती घालतो, आणि तेवढी घालायलाच हवी. तो ढिला करा असं मी म्हणत नाही. पण त्याच २००९च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक जुना विद्यार्थी मार्गदर्शक. ही विनयातल्या उपाध्यायाच्या जातकुळीची कल्पना आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत पोचलेल्या मुलासमोर पहिल्या महिन्यात मेसची अनामत असते, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, बँकखातं आधारला जोडायचं असतं, जात वैधता प्रमाणपत्राची तारीख डोक्यावर असते. हे सगळं गेल्याच वर्षी निस्तरलेला माणूस शेजारच्या खोलीत राहतो. त्यालाही नाव, गाव, कोटा विचारावंच लागेल, पण अर्जाचा रकाना भरण्यापुरतं.