मदतीला धावणाऱ्यासाठी ठेवलेला बॉम्ब

२७ ऑगस्ट १९७९ हा दिवस आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बोटीत बॉम्ब ठेवून हत्या झाली ती त्या दिवशी. त्याच दुपारी उत्तर आयर्लंडमधील वॉरनपॉइंट गावाजवळ जे घडले, ते मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. रस्त्याच्या कडेला पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रेलर उभा होता. ब्रिटिश सैनिकांच्या गाड्या शेजारून जाऊ लागल्या आणि त्यात दडवलेला बॉम्ब उडाला. ६ सैनिक जागीच गेले. वाचलेल्यांनी आणि त्यांच्या मदतीला आलेल्यांनी जवळच्या एका जुन्या दगडी फाटकाचा आडोसा घेतला. जखमींना हेलिकॉप्टरमध्ये चढवले जात होते. पहिल्या स्फोटानंतर ३२ मिनिटांनी त्याच फाटकापाशी लपवलेला दुसरा बॉम्ब उडाला. आणखी १२ जण मेले.

पहिल्या बॉम्बपेक्षा आम्हांला हा दुसरा बॉम्ब अधिक अस्वस्थ करतो. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या लोकांनी आधी पाहून ठेवले होते, की स्फोट झाल्यावर सैनिक कुठे जमतात, जखमींना कुठे नेतात, काय करतात. माणसाला माणसाची दया येते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या दयेचेच त्यांनी आमिष केले. हे लोक बहुतांशी कॅथलिक घरांत वाढलेले होते, हेही आपण झाकून ठेवू नये. महिन्याभराने, २९ सप्टेंबर १९७९ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडमध्ये ड्रॉहेडा येथे गेले आणि हिंसेचा मार्ग सोडा, अशी त्यांनी अगदी गुडघ्यांवर येऊन केल्यासारखी विनवणी केली. ती मानली गेली नाही. शांततेचा करार व्हायला १९९८ साल उजाडावे लागले.

खत, डबे, वायर, बॅटरी अशा साध्या वस्तूंपासून जुळवलेल्या बॉम्बला आयईडी म्हणतात. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत या शब्दाची जगाला ओळख झाली. आपल्या वर्तमानपत्रांत गडचिरोलीच्या बातम्यांत ‘भूसुरुंग’ म्हणून छापून येतो तो बहुधा हाच. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. तिकडे निघालेल्या पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली गेली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक ठार झाले. चालक पोलीस नव्हता, खासगी गाडी चालवणारा होता. बातम्यांत त्याचा उल्लेख बहुतेक वेळा ‘आणि’ या शब्दानंतर येत होता.

म्हणजे आधी आग, मग आगीकडे येणारा माणूस. हिशेब वॉरनपॉइंटचाच.

अशा अनुभवांतून जगभरच्या सैनिकांना, पोलिसांना, अग्निशमन दलाच्या जवानांना, रुग्णवाहिकेवरच्या माणसांना आता एक वेगळाच धडा शिकवला जातो: स्फोट झाला की धावू नका. थांबा, आजूबाजूला पाहा, दुसरा बॉम्ब असेल असे समजूनच चाला. आधी बॉम्बशोधक व नाशक पथक, मग बाकीचे. धडा शहाणपणाचा आहे, त्याने असंख्य जीव वाचले असतील. पण तो पाळायचा म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करू या. समोर ५० पावलांवर आपला सोबती पडला आहे. तो आपल्याला नावाने हाक मारतो आहे. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली असेल तर त्याच्याकडे थोडीच मिनिटे आहेत. आणि आपल्याला थांबायचे आहे.

अशा वेळी थांबणारा दोषी आहे का?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातला याजक आणि लेवी यांच्यावर प्रवचनांतून बरेच कोरडे ओढले जातात. मार्टिन ल्यूथर किंग यांनी मात्र ३ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या हत्येच्या आदल्या दिवशी, मेम्फिस येथील भाषणात या दोघांच्या भीतीचा विचार केला. यरीहोची वाट वळणावळणाची आणि धोक्याची. लुटारू अजून जवळच दबा धरून असतील, किंवा पडलेला माणूसच सोंग करीत असेल, असे त्या दोघांना वाटले नसेल कशावरून? किंग यांची ही शंका आज कुणी कल्पनाविलास म्हणणार नाही. पडलेल्या माणसाच्या आजूबाजूला, कधी कधी मृतदेहाच्या खालीसुद्धा, बॉम्ब पेरले गेलेले आहेत.

तरीही थांबलेला जवान आणि निघून गेलेला लेवी यांना एका तागडीत तोलता येणार नाही, असे आम्हांला वाटते. लेवी वाट बदलून गेला, आपल्या कामाला लागला. जवान तिथेच उभा आहे, त्याची नजर जखमीवर आहे आणि वाट मोकळी होताच तो पुढे जाणार आहे. त्याच्या थांबण्यामुळे एखादा जीव गेला, तर त्या मृत्यूचे पाप बॉम्ब पेरणाऱ्याच्या माथी आहे. हे आम्ही घरात बसून लिहितो आहोत, त्यामुळे लिहायला सोपे जाते. ज्याने ती हाक ऐकली, त्याची रात्र एवढ्याने सरत नाही.

जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ‘नैतिक जखम’ असा विचार मांडला आणि पुढे इतरांनी तो वाढवला. भीती वेगळी आणि ही जखम वेगळी. भ्यालेल्याला वाटते, पुन्हा स्फोट होईल. नैतिक जखम झालेल्याला वाटते, मी जे करायला हवे होते ते केले नाही. नियमाने तो निर्दोष असतो, वरिष्ठ त्याची पाठ थोपटतात, पण त्याच्या मनातला खटला चालूच राहतो.

शिवाय शरीराचेही आहेच. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, बोलता न येणाऱ्या सैनिकांबद्दल डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ या नावाने लिहिले. पुष्कळांनी त्याला भित्रेपणा मानले. ब्रिटनने त्या युद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या आपल्याच ३०६ सैनिकांना माफी दिली, ती २००६ साली. त्यांतील हॅरी फार याच्यावर शेल शॉकचे उपचार झाले होते, तरी १९१६ मध्ये त्याला गोळी घातली गेली. पत्नीला पेन्शन नाकारली. लाजेपायी घरात कित्येक वर्षे हा विषय निघाला नाही. माफी जाहीर झाली तेव्हा त्याची मुलगी ९३ वर्षांची होती.

आणि २०१६ मध्ये डॉ. डॅनियल पर्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोट सोसलेल्या आणि नंतर वारलेल्या काही सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत विशिष्ट ठिकाणी व्रण आढळले. नेहमीच्या स्कॅनमध्ये न दिसणारे. सगळ्यांचा त्रास त्या व्रणांमुळेच होतो असे म्हणता येणार नाही. पण ‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ असे सांगणाऱ्यांनी आता जरा जपून बोलावे.

आपल्या धर्मग्रामात पोलिसांत, सैन्यात, अग्निशमन दलात, इस्पितळात काम करणारे आहेत. त्यांच्यापैकी कुणी अशा प्रसंगातून धडधाकट परतला की आपण प्रेमानेच म्हणतो, ‘वाचलास बाबा, देवाची कृपा!’ बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण ऐकणाऱ्याच्या शेजारचा सोबती गेलेला असतो. त्याच्यावर कृपा का नव्हती, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात लगेच उभा राहतो आणि तो विचारायचा कुणाला हे त्याला कळत नाही. मग तो ‘हो’ म्हणतो आणि निघून जातो. त्यापेक्षा त्याच्या सोबत्याचे नाव विचारावे. गाव कुठले, घरी कोण कोण आहे, हे विचारावे. सांगावेसे वाटले तर तो सांगेल, आणि मग आपल्याला वेळ आहे ना, एवढेच पाहावे.