शरीराची अमानत आणि प्रयोगशाळेतील पेशी

समजा, पंढरपुरातील एखाद्या मुस्लिम घरात लहान मुलाला दुर्मिळ आनुवंशिक आजार जडला आहे. गावातल्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठविले, सोलापूरहून पुणे-मुंबईची वाट धरावी लागली. तेथे एके दिवशी डॉक्टर वडिलांना विचारतात, "मुलाच्या त्वचेचा मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा संशोधनासाठी द्याल का? त्यातील पेशी आम्ही वाढवू व जपून ठेवू." वडिलांची लेखणी कागदावर थबकते. हे जाइज आहे काय? मुलाच्या शरीराचा अंश दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार मला आहे काय? आणि त्यातून माझ्या मुलाला काय मिळणार?

हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. ते श्रद्धावंताचे प्रश्न आहेत.

प्रथम हे काम समजून घेऊ. त्वचेतून घेतलेल्या पेशी पोषक द्रवात, शरीराच्या म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानात वाढविल्या जातात. पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर त्या वर्षानुवर्षे टिकतात. दुर्मिळ आजाराचे रुग्ण थोडे असतात. त्यांच्यावर थेट प्रयोग करणे अन्याय ठरेल, म्हणून औषधाची पहिली परीक्षा पेशींवर होते. जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींसारखे रूप देऊन दाखविले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या विद्यापीठ परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरविते. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणान्वये मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे उपचारांचे एक केंद्र आहे.

आता मूळ प्रश्न. या पेशी कोणाच्या? रुग्णाच्या, पित्याच्या की प्रयोगशाळेच्या?

इस्लामचे उत्तर या तिघांच्याही पलीकडे जाते. शरीर अल्लाहचे आहे, मनुष्य त्याचा केवळ अमानतदार आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार कयामतच्या दिवशी माणसाला ज्या गोष्टींचा जाब द्यावा लागेल, त्यांत शरीर कोणत्या कामी झिजविले हाही प्रश्न आहे. सूरह निसामध्ये अमानत ज्याची त्याला पोहोचविण्याची आज्ञा आहे. अमानत ज्याच्या हाती जाते, तोही अमानतदार बनतो. म्हणून पेशी पित्याच्या हातून प्रयोगशाळेत गेल्या, तरी जबाबदारी संपत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, इतकेच.

ही जबाबदारी विसरली गेली, तर काय होते? १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतील पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेण्यात आल्या. त्याच वर्षी तिचे निधन झाले. तिच्या पेशी मात्र जगभर वाढल्या, पोलिओ लसीच्या चाचणीत कामी आल्या, विकल्याही गेल्या. तिच्या कुटुंबाला हे अनेक वर्षे ठाऊक नव्हते. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने वारसांशी समेट केला. मानवजातीचे कल्याण झाले, हे खरे. एका स्त्रीवर अन्याय झाला, हेही तितकेच खरे. कल्याणाने अन्याय धुऊन निघत नाही. चोरलेल्या धनातून केलेल्या दानाने चोरी हलाल होत नाही.

मग पित्याने नकार द्यावा काय? तसेही नाही. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही प्रेषितांची शिकवण आहे. आणि ठेवलेला इलाज शोधावा लागतो. सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीत एका जिवाला वाचविण्याची थोरवी सांगितली आहे. मक्केतील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह अकादमीने डिसेंबर २००३ च्या बैठकीत मूळपेशींविषयी निर्णय दिला. प्रौढांकडून त्यांच्या संमतीने आणि मुलांकडून वलीच्या परवानगीने, हानी होत नसेल तर, मूळपेशी घेता येतील. त्यासाठी जाणूनबुजून गर्भपात करणे मात्र निषिद्ध आहे. म्हणजे दार उघडे आहे, पण उंबरठाही आहे.

पित्याने मात्र एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करावी. या तुकड्याने त्याचेच मूल बरे होईल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. लाभ झाला, तर कदाचित उद्याच्या एखाद्या अनोळखी मुलाला होईल. वलीचा अधिकार हीदेखील अमानतच आहे. अनाथाचे धन उधळू नये असा ज्या धर्मात हुकूम आहे, तेथे मुलाचे शरीर तर धनाहून मोलाचे. म्हणून त्रास किती होईल, पेशी कोठे राहतील, विकल्या जातील काय, संमती मागे घेता येईल काय, हे त्याने विचारावे. मूल समजत्या वयाचे असेल, तर त्यालाही विचारावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संमतीचा आणि सात वर्षांवरील मुलाच्या होकाराचा आग्रह आहे.

याउलट, जो कोणी 'मूळपेशींनी हमखास बरे करतो' म्हणून लाखो रुपये मागतो, त्याच्यापासून सावध राहावे. परिषदेच्या त्याच वर्षीच्या तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीत व्हावा. हतबल आईबापांना खोटी आशा विकणे ही फसवणूक आहे, आणि व्यवहारातील फसवणूक इस्लाममध्ये हराम आहे.

पंढरपुरातील त्या पित्याने सर्व विचारून, समजून, अल्लाहची प्रसन्नता मनात धरून सही केली, तर त्याने काही गमावले नाही. लोकांना लाभ देणारे ज्ञान माणसाच्या मृत्यूनंतरही त्याच्या कर्मात जमा होत राहते, अशी शुभवार्ता आपल्याला मिळाली आहे. आणि विचारपूस करून त्याने नकार दिला, तरी तो गुन्हेगार नाही. न विचारता घेणारा आणि न समजता देणारा, या दोघांनी मात्र अमानतीचा विचार करावा.

अल्लाह आपल्या आजारी मुलांना शिफा देवो आणि ज्यांच्या हाती त्यांच्या शरीराची अमानत आहे, त्यांना ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.